उरलेला एक शब्द

वाल्मिक विशे यांच्या जिभेला गाव वचकून असायचं. भातसानगरच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथं लग्न जुळवायला, बांधाचा वाद तोडायला, शहापूरच्या एखाद्या साहेबाला दोन गोष्टी सुनवायला त्यांनाच पुढं करत. ते कधी आवाज चढवत नसत. सगळ्यांचं बोलून होऊ देत आणि मग एकच वाक्य बोलत. ते ज्याला लागे, त्याच्या अंगाला जन्मभर चिकटून राही.

धर्माचं तसंच झालं होतं. धर्मा त्यांच्याच वयाचा, साधा माणूस. एकदा ग्रामसभेत नळाच्या पाण्याबद्दल बोलायला तो उभा राहिला, पण चार लोकांपुढं त्याचा शब्द घशातच अडकला. तो नुसता घसा खाकरत राहिला. वाल्मिक मागून म्हणाले, "बस रे धर्मा. तुझं इंजिन गरम होईस्तोवर विहीर आटंल." सभा पोट धरून हसली. त्या दिवसापासून तो इंजिन धर्मा झाला. पुढं त्याच्या मुलीला बघायला आलेले पाहुणेही गावात शिरताना, इंजिन धर्माचं घर कुठलं, असंच विचारत आले. धर्मा पुन्हा कधी सभेत उभा राहिला नाही.

असाच एक शब्द वाल्मिकच्या स्वतःच्या घरातही पडून होता.

त्यांची सून दर्शना मुरबाडकडची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. ती इस्पितळातून घरी आली त्या दिवशी अंगणात भावकीची माणसं भेटायला बसली होती. कोणीतरी, कसं काय झालं, असं हळहळून विचारलं. वाल्मिक म्हणाले, "बी चांगलं होतं. जमीनच खडकाळ निघाली."

दर्शना आत खाटेवर पडली होती. मध्ये फक्त कुडाची भिंत. तिनं ते ऐकलं. तिचा नवरा संदेश बाहेरच बसला होता. तो काहीतरी बोलेल म्हणून ती कान देऊन राहिली, पण तो बोलला नाही.

पुढं मनस्वी झाली, वाढली, आजोबांच्या मांडीवर खेळली. वाल्मिकचा नातीवर जीव होता. पण दर्शना त्यानंतर सासऱ्यांशी आपणहून एक शब्द बोलली नाही. चहा पुढं ठेवायची, ताट वाढायची आणि काही विचारायचं असेल तर सासूला म्हणायची, "आई, बाबांना भात वाढू का विचारा." वाल्मिकही तिला नावानं हाक मारत नसत. "मुरबाडवालीला सांग," असं बायकोला, हौसाला म्हणत. अशी बरीच वर्षं गेली. घरात भांडण म्हणून नव्हतं. पाहुण्याला तर काही कळलंही नसतं.

मग भाताची झोडणी चालू असताना, खळ्यातच वाल्मिकच्या उजव्या हातातला पेंढा गळून पडला. त्यांना तो उचलायचा होता, पण हात ऐकेना, आणि मग पायही. संदेश भातसा धरणावर कंत्राटी कामाला होता, तो धावत आला. गाडी करून आधी शहापूरला आणि तिथून ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जीव वाचला. पायात हळूहळू बळ आलं, काठी घेऊन घरातल्या घरात चालता येऊ लागलं. वाचा मात्र गेली.

अगदी सगळी गेली नाही. एक शब्द उरला. जा.

पाणी हवं असलं तरी जा. पाठ दुखली तरी जा. जवळ बस म्हणायचं असलं तरी तोंडातून जा. आपण भलतंच बोललो हे त्यांना कळायचं, कपाळाला आठ्या पडायच्या, ते पुन्हा जोर लावायचे आणि पुन्हा तोच शब्द बाहेर यायचा.

इस्पितळात वाचेचे उपचार करणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी संदेश आणि दर्शनाला समोर बसवून समजावलं की, यांना सगळं कळतं. डोक्यातले शब्द संपलेले नाहीत, शब्दांची वाट बुजली आहे. रोज कोणीतरी बसून सराव घ्यायला हवा. एकदम खूप नको, रोजच्या जगण्याचे थोडेच शब्द निवडा. कुठले, ते घरानंच ठरवायचं. "आणि एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "ते शब्द शोधत असतील तेव्हा मध्ये बोलू नका. कितीही वेळ लागला तरी थांबा."

संदेशनं बायकोकडे बघितलं. दर्शना खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर पहिले दिवस हौसाला फार जड गेले. ती नवऱ्याचं तोंड पुसायला जायची आणि तो जा म्हणायचा. खिमट भरवायला जायची, तरी जा. ती पदर तोंडाला लावून पडवीत येऊन बसायची. "मला म्हाइत हाय गो, त्याच्या मनात तसा नसंल," ती दर्शनाला म्हणायची, "पन कानाला तर त्योच शबुद पडतो ना?"

भेटायला गाव येत होतं. त्यातले काही काळजीनं येत, काही नुसते बघायला. ज्यांना कधीकाळी वाल्मिकनी सुनावलं होतं, ते बाहेर पडल्यावर गालात हसत. एके सकाळी धर्मा आला. काही न बोलता खाटेशेजारी बसला. त्याला बघून वाल्मिकचा चेहरा हलला, डावा हात पुढं आला आणि तोंडातून निघालं, "जा. जा, जा."

धर्मानं मान खाली घातली. उठून चपला घातल्या आणि चालू लागला.

दर्शना अंगणात धुणं वाळत घालत होती. तिनं हातातलं लुगडं तसंच टाकलं आणि त्याच्या मागं धावली. बांधाच्या वळणावर तिनं त्याला गाठलं. धापा टाकत सांगितलं की, काका, रागावू नका, त्यांच्याकडं तेवढा एकच शब्द राहिलाय, त्यांना बस म्हणायचं होतं. हात बघितलात ना, हात बोलावत होता.

धर्मानं वळून घराकडे बघितलं. मग म्हणाला, "आतमधी शबुद असतो आनी भायेर येत नाय, तवा कसा होतो, ता मला इचार." आणि तिच्याबरोबर मागं फिरला. त्या दिवशी तो दुपारपर्यंत खाटेशेजारी बसला. पुढं रोजच येऊ लागला. बोलायचा नाही, बसायचा.

दर्शना मात्र दिवसभर स्वतःशी नवल करत राहिली. सासऱ्यांच्या वतीनं ती आज पहिल्यांदा कोणाशी बोलली होती. आणि हेही तिच्या लक्षात आलं की, त्यांचा हात बोलावत होता हे घरात तिलाच दिसलं होतं. संदेशला धरणावरच्या पाळ्यांतून वेळ नव्हता, हौसाला रडू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा पेला घेऊन वाल्मिकसमोर बसली. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "पा."

पहिला शब्द पाणी. त्याला किती दिवस लागले, ते तिनं मोजलं नाही. वाल्मिक घामाघूम व्हायचे. एकदा चिडून त्यांनी पेला भिरकावला. तिनं तो उचलून आणला, पुन्हा भरला आणि पुन्हा समोर धरला. शेवटी एकदा ओठ मिटून उघडले आणि "पा... नी" आलं. तिनं पेला त्यांच्या हातात दिला. ते पाणी त्यांनी एका दमात संपवलं आणि रिकामा पेला पुढं करून पुन्हा म्हणाले, "पानी." तहान नव्हती. शब्द चाखत होते.

त्यानंतर ये, नको, बरं. एकेक शब्द निवडताना दर्शना दिवसभर विचार करायची. चुलीपुढं, वाफ्यात, नळावर तिच्या डोक्यात तेच. माणसाला आधी काय लागतं? दुखतं, हे लागतं. पुरे, हे लागतं. आपण दिवसभर जे बोलतो त्यातलं किती नुसतं सांडून जातं, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

एकदा तिनं सासूला विचारलं, "आई, तुम्हाला त्यांच्या तोंडून काय ऐकायचंय?"

हौसा लाजली. म्हणाली, मला काय, भूक लागली ता सांगितला तरी पुरे. मग सुपातले तांदूळ उगाच खालीवर करत बोलली, "मला कदी नावानं हाक नाय मारली त्यानं. अगो, नायतर ए. आमच्यात रीतच नव्हती."

तो शब्द तसा सोपा गेला. गरम चहावर फुंकर मारतात तशी फुंकर मारायला दर्शनानं शिकवलं आणि तिच्यातून हौ निघाला. सा मागून आला. हौसा दारात तांदूळ पाखडत बसली होती. आतून हाक आली, "हौ... सा." सूप हातातच थांबलं. तिनं डोक्यावर पदर ओढला, उठली आणि परसात निघून गेली. खूप वेळानं आली तेव्हा डोळे लाल होते. त्या दिवशी तिनं पानग्या केल्या आणि नवऱ्याला स्वतः भरवल्या.

या सगळ्याची खबर दर्शनाच्या माहेरी फोनवरून जात होती. तिची आई करारी बाई. जावयाच्या बापाचं ते वाक्य ती विसरली नव्हती. म्हणाली, "सगळे शिकवतेस ना? मग येक आनखी शिकव. चुकलो. ता शिकव आनी रोज म्हनायला लाव."

ते दर्शनाच्या डोक्यात बसलं. दोन-तीन दिवस तिला दुसरं काही सुचेना. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. ती सासऱ्यांसमोर बसली आणि म्हणाली, "म्हणा."

वाल्मिक सरसावून बसले. त्यांची नजर तिच्या ओठांवर. पहिलीच्या वर्गातलं मूल बाईंकडे बघतं तसं ते बघत होते. ती जे देईल ते घ्यायला तयार. तिला एकदम कळलं की ती म्हणेल ते हे म्हणतील. चुकलो म्हणतील, पाया पडतो म्हणतील, काहीही म्हणतील. पेला मागावा तसं मागतील. आणि ते तिचंच बोलणं असेल, त्यांच्या तोंडून परत आलेलं.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हणा, भात."

"भा," वाल्मिक म्हणाले.

माघ संपता संपता एक वाईट दिवस आला. त्या दिवशी सरपणाच्या मोळ्या आणून दर्शनाचं अंग मोडलं होतं. मनस्वी शाळेतून आली आणि तिनं काढलेलं गाईचं चित्र आजोबांना दाखवायला धावली. वाल्मिकही थकलेले होते. थकले की शिकलेलं सगळं मागं जायचं आणि तो जुना शब्दच पुढं यायचा. "जा," ते म्हणाले. पोरीनं चित्र आणखी जवळ धरलं. "जा, जा!" डावा हात हलला, कागद खाली पडला. मनस्वी भोकाड पसरून रडायला लागली.

दर्शना चुलीपासून उठून आली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं तुमची वाचा गेली ती. होती तेव्हा तरी कोणाचं भलं केलं तिनं?"

बोलून झालं तेव्हा तिला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना सगळं कळतं, असं मॅडमनी सांगितलं होतंच. वाल्मिकनी ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ती पेला घेऊन बसली, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पाणी नाही, हौसा नाही. जा सुद्धा नाही. तहान लागली तर नुसतं पेल्याकडे बघायचे. हौसानं विनवण्या केल्या, संदेशनं डॉक्टरांना फोन लावला. घर पहिल्यापेक्षाही मुकं झालं. काय झालं ते दर्शनानं कोणाला सांगितलं नाही.

धर्मा रोज येत होता. चार दिवस त्यानं ते बघितलं आणि जाताना अंगणात थांबून तिला विचारलं. तिनं सांगितलं. काही न लपवता, आपलं वाक्य जसंच्या तसं. तो रागावेल, निदान मान तरी हलवेल, असं तिला वाटलं.

धर्मानं घसा खाकरला. बोलायला त्याला वेळ लागला. "त्यो मला येकदाच बोलला व्हता गो. येकदाच. त्याला वाटला आसंल, हसले लोक, झाला. मी पंचवीस वर्सं सभेत उभा नाय ऱ्हायलो." मग आतल्या खाटेकडे बघून म्हणाला, "मला आता सवय झाली. त्याला कसली होतेय सवय? जा, बोल त्याच्याशी."

ती आत गेली. हौसा परसात होती. दर्शना खाटेपाशी खाली जमिनीवर बसली, पेला न घेता. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. एवढंच ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी बोलले ते मी रागानं बोलले. तुमची वाचा जावी असं मला कधीच वाटलं नव्हतं, असं नाही म्हणत. वाटलं होतं. माझं बाळ गेलं आणि तुम्ही अंगणात जे बोललात, ते मी आतून ऐकलं. तेव्हा वाटलं होतं. पण आता वाटत नाही. तुमच्या तोंडून शब्द आला की मला बरं वाटतं. खरंच वाटतं. माझं चुकलं."

वाल्मिक हळूहळू भिंतीकडून वळले. तिनं ते ऐकलं होतं, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं की होतं, ते त्यांच्या तोंडावरून तिला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि उजव्या बाजूच्या लुळ्या गालावरून खाली गेलं, पुसायचं त्यांना सुचलं नाही. मग डावा हात उचलून त्यांनी तिच्याकडे बोट केलं आणि तेच बोट स्वतःच्या ओठांना लावलं.

"पाणी हवं?" तिनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. नको.

"आईंना बोलावू? मनस्वीला?"

नको. पुन्हा बोट तिच्याकडे, पुन्हा ओठांवर. आता जोरानं, हट्टानं. ती गोंधळली. ती थांबून राहिली, मध्ये बोलली नाही. आणि मग तिला कळलं. ते शब्द मागत होते. हौसाचं नाव तिनं शिकवलं होतं, मनस्वीचं अर्धं येत होतं, संदेशचं चाललं होतं. स्वतःचं नाव तिनं त्यांच्यासाठी कधी निवडलंच नव्हतं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि सावकाश म्हणाली, "दर्शना."

त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवशी नुसता द आला. पुढचं जोडाक्षर फार अवघड होतं. ते रोज त्याच्यामागं लागले. ती दुसरे शब्द पुढं करायची आणि ते हात हलवून तोच मागायचे. होळीच्या सुमारास एकदा ती परसात भांडी घासत होती, आणि घरातून "दस्ना" अशी हाक आली. ती राखेच्या हातानं तशीच आत धावली, काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं. ते नुसते हाक मारून बघत होते. आणि तिला आलेली बघून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरं."

त्या जुन्या वाक्याबद्दल वाल्मिक कधी काही बोलले नाहीत. त्यांना बोलता आलं असतं का, कोण जाणे. दर्शनानंही पुन्हा विषय काढला नाही. एकदा संदेशनं विचारलं, आता मनातून गेलं का? ती म्हणाली, "नाय. ते हाय तिथंच हाय. पण रोज उठून बघत नाय मी तिकडं." मग म्हणाली, "तुम्ही पण त्या दिवशी गप्प बसलात." संदेश उठून गेला नाही, तिच्याजवळ बसून राहिला.

चैत्रात शेजारच्या पोरांनी अंगणातून ओरडून सांगितलं की इंजिन धर्मा आलाय. वाल्मिकनी काठी जमिनीवर आपटली. पोरं दचकली. "धर्... मा," ते म्हणाले. पुन्हा काठी आपटली आणि पुन्हा म्हणाले, "धर्मा." पोरांना काही कळलं नाही, ती हसत पळाली. धर्मा दारातच थबकला होता. तो आत येऊन नेहमीच्या जागी बसला. गावात त्याला अजून इंजिनच म्हणतात. सगळं गाव काही ऐकत नाही.

वैशाखात, भाताच्या रोपांसाठी राबाची भाजणी उरकल्यावर, दर्शना मनस्वीला घेऊन शहापूरहून मुरबाडच्या एसटीत बसली आणि माहेरी गेली. आईनं पाणी दिलं, नातीचे मुके घेतले आणि पहिला प्रश्न तोच केला. बोलला का तो शबुद?

"नाय, आय. मी शिकवलाच नाय."

आईला ते पटलं नाही. ती दोन दिवस कुरकुरत होती. मग लेक निघायच्या दिवशी सकाळी, तिला घरी न्यायला म्हणून सुक्या मासळीचा डबा काढून बसली. मुरबाडच्या बाजारातून तिनं खास आणली होती. हातात सुकट घेतली, ठेवली, बोंबील घेतले. शेवटी तुसड्या आवाजात विचारलं, "तुझ्या सासऱ्याला चावतं का आता? काय आवडतं त्याला?"

"मी कशाला सांगू? तेच सांगतील," दर्शना म्हणाली आणि फोन लावून आईच्या हातात दिला.

पलीकडे हौसानं उचलला, चार गोष्टी झाल्या आणि फोन वाल्मिकच्या कानाला लागला. आईनं कोरडेपणानं विचारलं की, सुकट धाडू का बोंबील? उत्तर आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. आईनं फोन कानापासून दूर करून बघितला.

"कट झाला वाटतं."

"नाय झाला, आय. शोधतायत. थांब तू, मध्ये बोलू नको."

आईला थांबायची सवय नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटले, फोन पुन्हा कानाला लावला आणि एक हात मासळीच्या डब्यात तसाच ठेवून ती थांबून राहिली.